रोमपासून दूर वसलेले रोम

विजापूरच्या शेर्झा बुरुजावर मुलूखमैदान तोफ आहे. पन्नास टनांहून अधिक वजनाचे हे अजस्र धूड पाहण्यासाठी सीमाभागातील शाळांच्या सहली वर्षानुवर्षे तिथे जात आल्या आहेत. ही तोफ १५४९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतली गेली. ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव तिच्यावरील लेखात कोरलेले आहे : महंमद बिन हसन रूमी.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल तिथे गेली असता आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, रूमी म्हणजे कुठला?" मी म्हणालो, "रूम देशाचा. रूम म्हणजे रोम." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण रोम तर इटलीत आहे. हा माणूस इटलीचा होता का?" मी सांगितले, नव्हता, तो तुर्कांच्या मुलखातला. "मग त्याला रोमचा का म्हणायचे?" बस सुटायची वेळ झाली होती. "शाळेत सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे वर्गात त्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दोन तासिका पुरल्या नाहीत. कारण त्या उत्तरात एका साम्राज्याचा उदय दडलेला आहे. इटलीतले रोम पडल्यावरही हजार वर्षे स्वतःला रोमन म्हणवणारे, ग्रीक बोलणारे आणि ख्रिस्ताची उपासना करणारे असे ते साम्राज्य होते. आज आपण त्याला बायझंटाइन साम्राज्य म्हणतो. त्या लोकांनी मात्र स्वतःला हे नाव कधीच लावले नाही.

नवे रोम

या कथेचा आरंभ एका साध्या राजाज्ञेत आहे. इसवी सन २१२ मध्ये सम्राट काराकाल्ला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व मुक्त रहिवाशांना रोमचे नागरिकत्व दिले. त्याचा हेतू करवसुलीचा होता असे त्याच्याच काळचे इतिहासकार म्हणतात. हेतू काहीही असो, परिणाम दूरगामी झाला. ज्याने रोम शहर जन्मात पाहिले नव्हते आणि ज्याला लॅटिनचा शब्द येत नव्हता, असा सिरियातला शेतकरी किंवा एफिससचा ग्रीक व्यापारी त्या दिवसापासून कायद्याने रोमन झाला. रोमन असणे हे गावावर आणि रक्तावर अवलंबून राहिले नाही.

पुढची पन्नास वर्षे मोठी वाईट गेली. २३५ ते २८४ या काळात वीसहून अधिक सम्राट येऊन गेले आणि त्यांतील बहुतेक तलवारीने मेले. उत्तरेस ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांपलीकडच्या टोळ्या सीमा ओलांडू लागल्या. पूर्वेस इराणच्या सासानी राजाने २६० मध्ये प्रत्यक्ष रोमन सम्राट व्हॅलेरियन यालाच कैद केले. ही पडझड सावरली ती डायोक्लेशियनने. २८४ मध्ये सत्तेवर आल्यावर त्याने ओळखले की एवढा पसारा एका माणसाला आवरणारा नाही. म्हणून त्याने राज्यकारभार चौघांत वाटला आणि स्वतः पूर्वेकडे, आजच्या तुर्कस्तानातील निकोमीडिया येथे तळ ठोकला. सीमा दूर, शत्रू दूर. मग सम्राटाने रोममध्ये बसून करायचे काय?

या वाटणीतून पुढे यादवी माजली आणि तिच्यातून एकटा उरला तो कॉन्स्टन्टाइन. ३२४ मध्ये शेवटचा प्रतिस्पर्धी लिसिनियस याचा पराभव केल्यावर त्याने आपल्या नव्या नगरीसाठी जागा निवडली, ती बायझँटियम या जुन्या ग्रीक वसाहतीची. तिच्या दक्षिणेस मार्मारा समुद्र, पूर्वेस बॉस्फोरसची सामुद्रधुनी आणि उत्तरेस 'सोनेरी शिंग' नावाची सुरक्षित खाडी. शत्रूला जमिनीवरून यायचे तर एकाच, पश्चिमेच्या बाजूने. काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या नगरीच्या दारावरूनच जावे लागे आणि युरोपातून आशियात जाणारा रस्ताही इथेच पाण्याला भिडे.

११ मे ३३० रोजी नगरीचा प्रतिष्ठापनविधी झाला. नाव पडले कॉन्स्टॅन्टिनोपल. तिला स्वतःचे सिनेट मिळाले. देशोदेशींच्या मूर्ती आणि स्तंभ आणून तिच्या चौकांत उभारले गेले. डेल्फीच्या देवालयातून आणलेला काशाचा सर्पस्तंभ आज शिरे गमावून का होईना, इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानात उभा आहे. ईजिप्तच्या गव्हाने भरलेली गलबते आता रोमऐवजी इकडे वळली आणि रोज सुमारे ८०,००० माणसांचा भाकरीचा शिधा सरकारी कोठारातून वाटला जाऊ लागला. नवे गाव वसवायचे तर आधी चूल पेटली पाहिजे, हे त्या सम्राटाला पक्के ठाऊक होते.

सिंहासनाशेजारी धर्म

याच कॉन्स्टन्टाइनने दुसरे एक पाऊल उचलले. ३०३ मध्ये डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला होता. चर्चची घरे पाडली जात होती, ग्रंथ जाळले जात होते. अवघ्या दहा वर्षांनी, ३१३ मध्ये, कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस यांनी मिलान येथे ठरवले की ख्रिस्ती धर्मास आणि इतर सर्वच धर्मांस मोकळीक असावी. कॉन्स्टन्टाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर. परंतु त्याचा कल त्याआधीच उघड झाला होता.

राजाश्रय मिळताच धर्मातील वाद राज्याचे वाद झाले. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक एरियस म्हणे, पुत्र हा पित्याने निर्माण केला, म्हणून तो पित्याहून उणा. विरोधक म्हणत, दोघांचे तत्त्व एकच. आपल्याकडे द्वैत आणि अद्वैत यांवर पंडितांचे वाद झाले, तसाच हा वाद. मात्र तिकडे तो सोडवण्यासाठी ३२५ मध्ये निकिया येथे सम्राटाने स्वतः धर्मपरिषद बोलावली आणि निर्णय न मानणाऱ्यांना हद्दपार केले. मिलानला दिलेली मोकळीक आकुंचित होण्याची ही सुरुवात होती. ३८० मध्ये सम्राट थिओडोशियसने निकियाचा पंथ हाच प्रजेचा धर्म, असे फर्मान काढले. पुढे जुन्या देवांचे यज्ञबळी कायद्याने बंद झाले. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात हायपेशिया या गणितज्ञ विदुषीला झुंडीने ठार मारले. छळ सोसलेल्यांच्या हाती सत्ता आली म्हणजे ते छळाचा मार्ग विसरतातच असे नाही.

तट, सोने आणि शाळा

३९५ मध्ये थिओडोशियस वारला आणि साम्राज्य त्याच्या दोन मुलांत वाटले गेले. आर्केडियसला पूर्व मिळाली, होनोरियसला पश्चिम. पश्चिम भाग ऐंशी वर्षांत कोसळला. ४७६ मध्ये रोम्युलस ऑगस्टुलस या पोरवयाच्या सम्राटाला पदच्युत करून ओडोआकर नावाच्या सेनानीने इटली ताब्यात घेतली आणि सम्राटपदाची चिन्हे कॉन्स्टॅन्टिनोपलला धाडून दिली. पश्चिमेला आता वेगळा सम्राट नको, असा त्याचा अर्थ होता. शत्रू दोघांनाही होते. मग पूर्व का तगली?

पहिले कारण तट. ४१३ च्या सुमारास नगरीच्या पश्चिमेस सुमारे सहा किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला. पुढे खंदक, मागे बाहेरची भिंत आणि तिच्यामागे सुमारे बारा मीटर उंचीची आतली भिंत. ४४७ मध्ये भूकंपाने यातले ५७ बुरूज पाडले आणि नेमका त्याच वेळी हूणांचा राजा अटिला चालून येत होता. तेव्हा शर्यतींच्या मैदानात एकमेकांशी हमरीतुमरीवर येणाऱ्या रथशौकिनांच्या टोळ्या कामाला जुंपल्या गेल्या आणि साधारण दोन महिन्यांत तट पुन्हा उभा राहिला. अटिला नगरीच्या दारापर्यंत आला नाही.

दुसरे कारण सोने. कॉन्स्टन्टाइनने सॉलिडस नावाचे सोन्याचे नाणे पाडले. एका रोमन पौंडास ७२, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम. त्याचा कस जवळजवळ सातशे वर्षे टिकला. ईजिप्त, सिरिया आणि आशिया मायनर हे श्रीमंत प्रांत पूर्वेच्या वाट्याला आले होते आणि तिथला कर वेळेवर जमा होई. अटिलाला वर्षाला २१०० पौंड सोने देऊन वाटेला लावणे पूर्वेला परवडले. सम्राट अनास्तेशियसने व्यापारी व कारागिरांवरचा जाचक कर रद्द केला. तरीही ५१८ मध्ये तो वारला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोने होते, असे प्रोकोपियस हा इतिहासकार लिहितो. आजच्या मापाने ते शंभर टनांहून अधिक भरते.

हे नाणे आपल्याही भागात पोचले होते. हावेरी जिल्ह्यातील अक्की आलूर येथे बायझंटाइन सम्राटांची सुवर्णनाणी सापडलेली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे साधू होऊन आपल्या ग्रंथात लिहितो की रोमन नाणे जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. त्याच ग्रंथात पश्चिम भारतातील 'कल्याना' या बंदराचा उल्लेख आहे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते आपले कल्याणच. तेथे कापडाचा व्यापार चाले आणि इराणहून नेमलेला एक ख्रिस्ती बिशपही राहत असे, असे तो सांगतो.

तिसरे कारण शिक्षकाच्या नजरेला विशेष दिसते, ते म्हणजे शिकलेला कारकून वर्ग. ४२५ मध्ये दुसऱ्या थिओडोशियसने राजधानीत सरकारी खर्चाने ३१ अध्यापकांची विद्यापीठासारखी संस्था स्थापन केली. व्याकरण आणि वक्तृत्व यांसाठी ग्रीकचे १५ आणि लॅटिनचे १३ अध्यापक; शिवाय कायद्याचे दोन आणि तत्त्वज्ञानाचा एक. राज्यकारभाराची भाषा लॅटिन असताना लोकांच्या ग्रीकला दोन जागा अधिक मिळाल्या. आकडे लहान आहेत, पण वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते त्यांतून कळते.

जस्टिनियनचा काळ

५२७ मध्ये जस्टिनियन गादीवर आला. तो बाल्कनातल्या एका खेड्यात जन्मलेला, लॅटिन मातृभाषेचा माणूस. त्याची राणी थिओडोरा अस्वले सांभाळणाऱ्याची मुलगी आणि पूर्वाश्रमीची नटी. कुलशीलाच्या मोजमापात न बसणारे हे जोडपे साम्राज्याला त्याच्या शिखरावर घेऊन गेले.

पण आधी सर्वनाशाची वेळ आली. जानेवारी ५३२ मध्ये शर्यतींच्या निळ्या आणि हिरव्या पक्षांनी एकत्र येऊन बंड केले. 'नीका', म्हणजे 'जिंक', ही त्यांची आरोळी. शहर पेटले, मुख्य चर्च जळाले. सम्राट पळून जाण्याच्या विचारात असता, पळालेल्या सम्राटापेक्षा राजवस्त्रांत मेलेला बरा, अशा आशयाचे बोलून थिओडोराने त्याला थांबवले, असे प्रोकोपियस सांगतो. मग सैन्याने मैदानाची दारे अडवून सुमारे तीस हजार माणसे कापली. साम्राज्याच्या वैभवाबद्दल लिहिताना हा आकडा गाळून चालत नाही.

त्याच राखेवर हागिया सोफिया, म्हणजे 'पवित्र प्रज्ञे'चे मंदिर, उभे राहिले. अँथेमियस आणि इसिडोर या गणितज्ञांनी ते सहा वर्षांच्या आत, ५३७ च्या डिसेंबरात पुरे केले. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट चौकोनी बैठकीवर तोलून धरणे हे त्या काळी अपूर्व साहस होते. ५५८ मध्ये तो कोसळलाही; पण पुन्हा अधिक उंच बांधला गेला. तीच वास्तू १४५३ मध्ये मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद.

घुमटाहूनही टिकाऊ ठरला तो कायदा. ट्रिबोनियनच्या मंडळाने जवळजवळ दोन हजार ग्रंथांतील तीस लाख ओळी चाळून त्यांचे सार दीड लाख ओळींत आणले. तो ग्रंथ म्हणजे ५३३ चा डायजेस्ट. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीत बोलोन्या येथे त्याचे अध्ययन सुरू झाले आणि युरोपातील नागरी कायद्याची परंपरा त्यावर वाढली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता त्याच परंपरेतली. ती १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि गोव्याच्या कुटुंबकायद्यावर तिची छाया अजूनही आहे.

सेनापती बेलिसारियसने उत्तर आफ्रिका परत जिंकली. इटलीही मिळाली, पण वीस वर्षांच्या युद्धाने ती उजाड झाली. ५४१ मध्ये ईजिप्तमार्गे ग्रंथिज्वराची साथ आली आणि तिने राजधानीतली माणसे हजारोंनी नेली. एवढ्यातच काही साधूंनी पूर्वेकडून रेशीमकिड्यांची अंडी लपवून आणली आणि रेशमाचा नवा उद्योग साम्राज्यात सुरू झाला. उदय आणि ऱ्हास यांची पाने इतिहासात वेगवेगळी छापलेली नसतात.

कायद्याची भाषा आणि पडलेल्या भेगा

जस्टिनियनने मोठा कायदेसंग्रह लॅटिनमध्ये केला. त्यानंतर काढलेले नवे कायदे मात्र बहुतेक ग्रीकमध्ये आहेत. एका कायद्यात त्याने कारणही दिले आहे : हा कायदा सर्वांना समजावा म्हणून आपण तो पूर्वजांच्या भाषेत न लिहिता लोकांच्या ग्रीकमध्ये लिहीत आहोत. लॅटिन ज्याच्या घरची भाषा होती, असा सम्राट हे म्हणतो. ज्यांच्या घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, अशा आपल्यासारख्यांना या एका वाक्याचे मोल निराळे सांगायला नको. शंभर वर्षांच्या आत, सम्राट हेराक्लियसच्या काळात, लॅटिन व्यवहारातून जवळजवळ लोपली. नाव मात्र रोमनच राहिले.

भाषेच्या बाबतीत दाखवलेले हे शहाणपण धर्माच्या बाबतीत दाखवले गेले नाही. ४५१ मध्ये कॅल्सेडन येथील परिषदेने ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन प्रकृतींचा सिद्धान्त मान्य केला. ईजिप्त आणि सिरियातील पुष्कळ ख्रिस्ती लोकांना तो पटला नाही. त्यांच्यावर कधी समजुतीचे, कधी सक्तीचे प्रयोग झाले. ५२९ मध्ये जस्टिनियनने जुन्या धर्माच्या लोकांना अध्यापनाची बंदी केली; अथेन्सची तत्त्वज्ञानाची शाळा बंद पडली आणि तेथील पंडित इराणच्या राजाच्या आश्रयास गेले. पुढे ६३६ मध्ये यार्मुकच्या लढाईनंतर सिरिया आणि थोड्याच वर्षांत ईजिप्त अरबांच्या हाती गेला. इराणशी झालेल्या दीर्घ युद्धाने आलेला थकवा हे त्याचे मोठे कारण होते. परंतु ज्या प्रांतांचे मन आधीच दुरावले होते, तेच कायमचे गेले, हेही खरे.

साम्राज्य मोठे झाले ते माणसाला गाव, रक्त आणि भाषा न विचारता आपला म्हणून. त्याला तडे गेले ते 'आपला' म्हणण्यासाठी आणखी एक अट घातल्यावर. माझ्या मते या हजार वर्षांच्या इतिहासाचे सार येथे आहे.

नावाचे आयुष्य

तरी ते नाव टिकले. अरब आणि तुर्क या देशाला रूम म्हणत. १०७१ नंतर तुर्कांनी आशिया मायनर घेतला, तेव्हा त्या भूमीवर राज्य करणारे सुलतान स्वतःला रूमचे सुलतान म्हणवू लागले. जुन्या मराठी लेखनातील 'रूमशाम' या जोडशब्दातला रूम तो हाच. १४५३ मध्ये उर्बन नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतलेल्या तोफेसह उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपलला वेढा घातला. हजार वर्षे उभा असलेला तो तट भेदला गेला आणि शेवटचा सम्राट लढता लढता पडला. त्याचे नावही कॉन्स्टन्टाइनच होते. त्यानंतर शंभर वर्षे उलटण्याआधीच रूमच्या मुलखातला एक तोफ ओतणारा अहमदनगरच्या निजामशाहीत नावारूपाला आलेला दिसतो. 'बायझंटाइन' हे नाव मात्र हिरोनिमस वुल्फ या जर्मन पंडिताच्या १५५७ च्या ग्रंथापासून रूढ होत गेले. ते धारण करणारे तोवर उरले नव्हते.

पीटर करानिस हे बायझंटाइन इतिहासाचे नामवंत अभ्यासक. त्यांचा जन्म लेम्नॉस या ग्रीक बेटावरचा. १९१२ मध्ये ग्रीसच्या सैन्याने ते बेट तुर्कांकडून घेतले, तेव्हाची एक आठवण ते सांगत. गावातली मुले सैनिक पाहायला धावली. सैनिकांनी विचारले, काय पाहता? मुले म्हणाली, ग्रीक कसे दिसतात ते पाहतो. सैनिकांनी विचारले, अरे, तुम्ही स्वतः ग्रीक नाही का? मुलांनी उत्तर दिले की नाही, आम्ही रोमन.

काराकाल्लाच्या त्या राजाज्ञेला तेव्हा सतराशे वर्षे झाली होती. त्या मुलांनी रोम पाहिले नव्हते आणि त्यांना लॅटिन येत नव्हते. घरात जे नाव ऐकले, ते त्यांनी सांगितले. आमच्या आठवीतल्या मुलाला मी हीच गोष्ट शेवटी सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे सर, तोफेवरचे नाव चुकीचे नव्हते."

"नव्हते," मी म्हणालो.